मी वावर मोकळं केलं नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा स्वतःलाही धड नाही — अर्ध्यावर आलं की माझे डोळे आपोआप उघडतात आणि मी उगाच सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत बसते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? आदिलाबादकडचे असाल तर माझं एखादं भाषण कानावरून गेलंही असेल. मग तर ऐकाच.

भाषण मी चांगलं करते. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. त्याच गावात जन्मले, त्याच गावच्या मराठी शाळेत पुढं शिक्षिका झाले. नवरा आदिलाबादला कचेरीत कारकून. जयंती असो, महिला दिन असो, शिक्षकांचा मेळावा असो — बोलायला सुमन मॅडमना बोलवा, असं ठरलेलंच असायचं. आणि मी जायची. इस्त्रीची पांढरी साडी, हातात कागद नाही, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला त्या आवडायच्या. आता त्यात काय वाईट? — असं मी बरीच वर्षं स्वतःला विचारत आले.

थांबा, मी भलतीकडेच चालले. आधी सरव्याचं सांगायला हवं, त्याशिवाय काही कळायचं नाही.

ज्वारीची सोंगणी होते, कणसं खुडून होतात, कडब्याच्या पेंढ्या बांधून होतात, आणि शेवटची भरलेली बंडी बैल खळ्यावर ओढून नेतात. तरी वावरात कणसं उरतातच. ताटाखाली दबलेली, हातातून निसटलेली, ढेकळात लपलेली. ती वेचणं म्हणजे सरवा. आमच्या गावची रीत अशी होती की वावराचा मालक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, "वावर मोकळं!" आणि पाठ फिरवून घराकडे निघायचा. मागे वळून बघायचं नाही. त्यानंतर कोणीही यावं, ओटी बांधावी, वाकावं, वेचावं. कोणी कोणाला विचारायचं नाही. मी किती वेचलं, तू किती वेचलं, कोणी काढायचं नाही. म्हाताऱ्या, विधवा, मजुरीला ज्यांना कोणी लावत नाही अशा बाया — त्यांचा पावसाळा त्या कणसांवर निघायचा.

माझा निघालेला आहे. माझी माय सरवा वेचायची. तिची जोडीदारीण गिरजामावशी. नात्यानं मावशी नव्हे, पण शेजारच्या घरची आणि मायच्या जन्माची सोबतीण. दोघी एकाच ओळीत वाकायच्या, एकमेकींशी भांडत, हसत, मालकाच्या बायकोच्या नकला करत. एका वर्षी माय मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली आणि ऐन सरव्याचे दिवस. मी दप्तर फेकून वावराकडे निघाले होते. गिरजामावशीनं मला वाटेतच धरलं.

"तू शाळेत जाय वं सुमे. मी हावो नं."

त्या वर्षी तिनं दोन घरांचं वेचलं. सकाळची ओटी आमच्या टोपल्यात रिकामी करायची, दुपारची तिच्या. पावसाळाभर आम्ही तिनं वेचलेली ज्वारी खाल्ली, आणि मी परीक्षा दिली. मी शिक्षिका झाले त्यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि त्या टोपल्याचा किती? मला माहीत आहे. भाषणात मात्र मी बरीच वर्षं हुशारीचंच सांगत आले.

पुढं दोघांच्या पगारात आम्ही गावालगतचं थोडं वावर घेतलं. ज्यात माय दुसऱ्याची मजूर म्हणून राबली होती, नेमकं तेच. मायनं पहिल्या दिवशी त्या मातीचा एक ढेकूळ उचलून हातात फोडलं आणि म्हणाली, "लय तण आहे वं याच्यात." बस. रडली नाही, काही नाही. तण बघितलं. मी मात्र गावभर पेढे वाटले.

आणि त्या वावरात आम्ही ज्वारी पेरायचो. सगळ्या शिवारात कापूस, नाहीतर सोयाबीन. ज्वारी आमचीच. मायसाठी. तिला भात चालत नसे — "भातानं पोट फुगते, भूक जात नाई" असं तिचं म्हणणं. म्हणजे बघा, गावात सरवा वेचायचा तर दुसरं वावरच उरलं नव्हतं. कापसाचा सरवा खाता येत नाही.

आता ते वर्ष.

राज्य अजून आंध्र प्रदेशच होतं. टीव्हीवर रोज संध्याकाळी एकच — जगभर धान्य महागलं. कुठल्याशा देशांत लोक भाकरीसाठी रस्त्यावर उतरले, दुकानं फोडली. श्रीमंत देशांत म्हणे मका गाड्यांच्या टाकीत जातो. आपल्या सरकारनं तांदूळ बाहेर पाठवणं बंद केलं. आदिलाबादच्या बाजारात कापसाशिवाय कोणाच्या तोंडी दुसरा विषय नसतो, तिथं माणसं ज्वारीचा भाव विचारायला लागली. किराणा दुकानातला शेठ तांदळाच्या पोत्यावर हात ठेवून हिंदीत सांगायचा, "मैडम, ये तो ऊपर से बढ़ रहा है." वरून म्हणजे कुठून, ते त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नीट नव्हतं. पण मला त्यावर बोलता येत होतं!

गिरजामावशी तेव्हा खूप थकली होती. कमरेत वाकली होती, ती वेचून वेचून की वयानं, कोण जाणे. मजुरीला कोणी लावत नसे. रेशनच्या कार्डात तिचं नाव लेकाच्या नावाखाली, आणि लेक कार्डासकट निजामाबादकडे कामाला गेलेला, तो तिकडचाच झाला. म्हणजे स्वस्त तांदूळ तिला नाही, आणि दुकानातल्या तांदळाकडे बघायची सोय नाही. माझा नवरा कचेरीत होता. तिचं वेगळं कार्ड करून द्या, एवढं एक वाक्य मी त्याला कधी बोलले नाही. सुचलं नाही असं म्हणू? सुचलं होतं. राहून गेलं.

माय मात्र त्या हिवाळ्यात दोनदा म्हणाली, "सुमे, यंदा गिरजीचा पावसाळा आपल्या वावरावर हाये बरं."

मी "हो" म्हणाले. दोन्ही वेळा.

महिला दिनाला आदिलाबादला कार्यक्रम होता. विषय मीच सुचवलेला, भूक आणि महागाई. आणि मी बोलले — काय बोलले! आजही त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. मी म्हणाले, ज्यांच्या कोठारात मावत नाही त्यांनी भुकेल्याला दारात उभं करून मूठभर टाकायचं, याला मदत म्हणत नाहीत. भुकेल्याला मागायला लावणं हाच पहिला अन्याय आहे. भाव वाढले, असं म्हणून श्रीमंत देश हात वर करतात, पण भाव काय आभाळातून पडतो? भावाच्या मागं माणूस असतो, आणि तो माणूस भावाच्या मागं लपतो. असं सगळं. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे पुसले. भाषण खोटं नव्हतं. आजही त्यातला शब्द न् शब्द मला पटतो, आणि त्रास त्याचाच आहे.

कार्यक्रम संपल्यावर दोन माणसं भेटायला आली. एक हैद्राबादचे गृहस्थ, भुकेवर काम करणाऱ्या कुठल्या संस्थेतले. आणि त्यांच्याबरोबर एक परदेशी बाई, उंच, उन्हानं लाल झालेली, खादीचा कुर्ता घातलेली. तिला माझं भाषण त्या गृहस्थांनी इंग्रजीत समजावून सांगितलं होतं. ती माझा हात सोडेना. गृहस्थ म्हणाले, पावसाळ्यातल्या तंगीसाठी आम्ही एक-दोन गावांत धान्याचं कोठार काढायच्या विचारात आहोत, तुमचं गाव बघायला आवडेल, रविवारी आलो तर चालेल का?

मी म्हणाले, या की. अगत्यानं या.

बसमध्ये बसले. जैनथची बस, नेहमीसारखी खच्चून भरलेली, पण मला खिडकी मिळाली होती. आणि मी रविवार डोळ्यांसमोर आणायला लागले. गाडी येईल. सरपंच येईल, मुख्याध्यापक येतील. मी त्यांना वावर दाखवीन, ज्वारीची भाकर खाऊ घालीन. आणि तेवढ्यात मला वावर दिसलं. आणि वावरात वाकलेल्या बाया. फाटकी लुगडी, ओट्या बांधलेल्या, ढेकळं उलटी करत. शनिवारी शेवटची बंडी जाणार होती, म्हणजे रविवारी सरवा. आणि त्या बायांमध्ये माझी माय.

हो, माझी माय. स्वतःच्या लेकीच्या वावरात ती दरवर्षी सरवा वेचायला जायची. पहिल्या वर्षी मी हसले होते. दुसऱ्या वर्षी भांडले. "आपलंच वावर, आपल्याच घरात पोती येऊन पडली, तू काऊन वाकून राह्यली?" ती ओटी बांधता बांधता म्हणाली, "मंग गिरजी एकटी वाकन काय?" आणि गेली. आणि दोघी पुन्हा एका ओळीत, भांडत, हसत. नकला आता बहुतेक माझ्या करत असाव्यात.

तर हे दृश्य त्या परदेशी बाईपुढं? आणि तिनं विचारलं, ह्या कोण — तर मी काय सांगू? ही माझी माय, मॅडमची माय?



मी गावाला काय सांगितलं ते तुम्हाला सांगते. मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगते. दोन्ही वेगवेगळं होतं, आणि दोन्ही खरं नव्हतं.

स्वतःला मी सांगितलं, हे स्वाभिमानाचं आहे. आपल्या लोकांनी उष्टं सोडलं, दारोदारची भाकर सोडली, मेलेलं ओढणं सोडलं, ताठ उभे राहिलो. मग हे वाकणं कशाला? दुसऱ्यानं टाकलेलं वेचायचं कशाला? कोणीतरी बंद करायलाच हवं. ऐकायला किती छान वाटतं ना? बसच्या प्रवासात एवढं सगळं तयार झालं माझ्या डोक्यात. जैनथ येईपर्यंत मी जवळजवळ क्रांतिकारक झाले होते. पण सरवा उष्टं नसतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. टोपल्यातली ती ज्वारी खाताना मला कधी उष्टं खाल्ल्यासारखं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मल्लन्नाला बोलावून घेतलं. मल्लन्ना मेंढरंवाला. दरवर्षी त्याचा कळप आमच्या शिवारात उतरायचा, कोणाच्या ना कोणाच्या वावरात बसायचा. मेंढरं बसली की लेंडीखत मिळतं, वावराला बरं असतं. पण सरवा झाल्यावर. नेहमी सरवा झाल्यावरच. मी त्याला म्हटलं, शनिवारी संध्याकाळी आण. तो तेलुगूत बोलला, मॅडम, बायांनी वेचल्यावर आणतो ना. मी म्हटलं, यंदा नाही वेचणार. त्यानं माझ्याकडे बघितलं, खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं आणि बरं म्हणाला. त्याला त्याबद्दल ज्वारी द्यायची होती. तीही मी कबूल केली. म्हणजे ज्वारी वाचवायचा प्रश्नच नव्हता, हे लक्षात ठेवा. मला पुढं त्याच गोष्टीचा आडोसा घ्यायचा आहे.

शनिवारी दुपारी मायला मी आदिलाबादच्या बसमध्ये बसवून दिलं. तिथल्या माझ्या दादाच्या पोराला बरं नाही, तुझी आठवण काढतो, म्हणून. पोरगा ठणठणीत होता. माय घाबरीघुबरी होऊन गेली, पिशवीत त्याच्यासाठी गूळ घेऊन.

मग मी वावरात गेले. शेवटची बंडी भरत होती. गिरजामावशी धुऱ्यावर बसली होती, काठी आडवी मांडीवर. वावराकडे बघत होती, त्या बघण्यात हिशोब होता. कुठं कणसं जास्त पडलीत, कुठून सुरू करायचं. तोंडावर समाधान. यंदा ज्वारी चांगली आली होती, खुडणाऱ्या पोरी घाईच्या होत्या, खाली बरंच सुटलं होतं.

"कवा मोकळं करतं वं सुमे?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. बैलाच्या दाव्याशी काहीतरी करत राहिले.

"उद्या सकाळी या, मावशी."

झालं. हेच ते. माझ्या तोंडातून निघालेले तेवढेच शब्द, आणि ते बोलताना मला ठाऊक होतं की उद्या सकाळी तिथं काही उरणार नाही. कोणी माझ्यावर जोर केला नव्हता. सरपंचानं सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर पत्ताही नव्हता. "यंदा सरवा नाही" असं तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं म्हणून मी तिला "उद्या" दिला. ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "तुही माय आली का मंग संगंच येतो." माय गावात नाही हेही मी तिला सांगितलं नाही.

दिवस मावळायला मेंढरं आली. मी घरी होते, पण आमच्या ओट्यावरून त्यांचा आवाज ऐकू येतो.

सकाळी मी उजाडायच्या आत वावरात जाऊन उभी राहिले. बाया आल्या, पाचसहा म्हाताऱ्या, ओट्या बांधूनच आल्या होत्या. सगळ्यांत पुढं गिरजामावशी. वावरात मेंढरं आरामात बसली होती. जमीन झाडल्यासारखी स्वच्छ.

आणि मी बोलायला लागले. भाषणाचाच आवाज लागला, देवाशपथ — आता बघा, मी देव मानत नाही तरी तोंडातून निघालं. मी म्हणाले, मावशी, काय करू, भाव बघा किती वाढले. सगळ्या जगात महागाई आहे. खत महाग, मजुरी महाग, कणीस सोडणं परवडत नाही आता. मेंढरं बसवली तर निदान खताचं तरी भागतं. यंदा समजून घ्या.

त्या भांडतील असं मला वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं! मी पण दोन शब्द बोलले असते, रागानं मोकळी झाले असते. पण भावावर कोण चिडणार? गिरजामावशीनं मान हलवली.

"हो वं माय. टीव्हीवाला बी सांगून राह्यला, लय भाव वाढले म्हणते."

आणि बाकीच्यांकडे वळून तिनंच समजूत काढली. चला वं, तिचं तरी कसं भागन. माझी बाजू तिनंच घेतली. त्या परतल्या. ओटीची गाठ तिनं चालता चालता सोडली, ते मी बघितलं. गाठ घट्ट बसली होती, तिला दोनदा थांबावं लागलं.

दुपारच्या आधी गाडी आली. परदेशी बाईला मेंढरं फार आवडली. एक कोकरू तिनं उचलून घेतलं, फोटो काढले. मल्लन्ना लाजून हसत होता. भाकर, झुणका, ठेचा — ती खाली बसून जेवली, नाकातून पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला. मुख्याध्यापक खूश, सरपंच खूश. मग ती त्या गृहस्थांकरवी मला म्हणाली, की तुमचं भाषण ऐकल्यापासून मला माझ्या देशाची लाज वाटते आहे. आमच्याकडे किती अन्न फेकलं जातं. आम्ही स्वतःला भले समजतो. मी परत गेल्यावर हे सांगणार आहे.

ती माझ्यापुढं ओशाळली होती. माझ्यापुढं! आणि मी तिच्या हातावर हात ठेवून, समजूतदारपणे, मोठ्या मनानं मान हलवली.

मग तिनं विचारलं. या गावात, ज्यांच्या घरात यंदा पावसाळ्याचं धान्य नाही असं कोण आहे? त्यांच्यापैकी एकदोघींजवळ मला बसता येईल का? कोठाराचं ठरवायला बरं पडेल.

गिरजामावशीचं घर तिथून दिसत होतं. मी हात लांब केला असता तर बोट तिच्या दाराकडे गेलं असतं. पण ती आली असती तर बोलली असती. सरव्याचं बोलली असती, मायचं बोलली असती, सुमीला मी शाळेत धाडली म्हणाली असती. मी म्हणाले, "आमच्या गावात तसं कोणी नाही. आत डोंगराकडच्या गावांत असतील." सरपंचानंही मान डोलावली. कोणत्या सरपंचाला आपलं गाव उपाशी म्हणवून घ्यायला आवडतं?

कोठार पुढं दुसऱ्या गावात झालं. चांगलं चाललं म्हणतात.

माय संध्याकाळच्या बसनं परत आली. पोराला काही झालेलं नव्हतं हे तिला तिथं कळलंच होतं. मला वाटलं, विचारेल. ती तशीच वावराकडे गेली, पिशवी हातात घेऊन. परत आल्यावर हातपाय धुतले आणि चुलीपाशी बसली. भाकरी थापताना म्हणाली, "गिरजी आलती काय सकाळी?" मी हो म्हटलं. गूळ पिशवीतच राहिला होता, तो तिनं डब्यात ठेवला.

पाऊस लागला. ऐन श्रावणात एक दिवस आमच्या शाळेतल्या एक नव्या बाई माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. दारात गिरजामावशी उभी. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात जर्मनचं पातेलं. अंगावर मांस राहिलं नव्हतं, लुगड्याच्या निऱ्याच दिसत होत्या सगळ्या. आमच्या घरी ती कधी दारात थांबली नव्हती. सरळ आत यायची, माझ्या डब्यातला गूळ तोंडात टाकायची. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मॅडम, थोडीशी ज्वारी भेटन काय जी?"

मॅडम. शाळेतली पोरं म्हणतात तसं. जन्मभर मी सुमी होते, सुमे होते, मेले होते, पोरी होते. चिडून बोलली नव्हती ती. तशी तिला आता मी दिसत होते म्हणून बोलली. तिनं आयुष्यात कोणाजवळ मागितलं नव्हतं. वेचलं होतं. वेचण्यात हात पसरावा लागत नाही. तो हात मी तिला पसरायला लावला.

मी उठले आणि पातेलं काठोकाठ भरलं, वर तिच्या ओटीतही ओतली. ओतताना थोडी सांडली. ती सांडलेली वेचायला ती खाली वाकली आणि मी ओरडले, "राहू द्या हो मावशी!" इतक्या जोरात की नव्या बाई दचकल्या. मावशी सरळ झाली. "बरं जी," म्हणाली आणि गेली. नव्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं मन किती मोठं आहे हो. एवढ्या महागाईत!" मी त्यांना आणखी चहा ओतला.

आतून माय बाहेर आली. सांडलेली ज्वारी तिनं एक एक दाणा करून वेचली. वेचून झाल्यावर हातात घेऊन बसली, कुठं ठेवायची ते न कळल्यासारखी.

त्यानंतर मी किती भाषणं केली! पुढं पुढं त्यात सरव्याची गोष्टही घालायला लागले. लहानपणीची, तापाची, दोन टोपल्यांची. पूर्वी आपल्या गावात अशी रीत होती, गरिबाला मागावं लागत नसे, श्रीमंत देशांनी यातून शिकावं — असं. हमखास टाळ्या पडायच्या. ती रीत कोणी मोडली ते मला एकदाही कोणी विचारलं नाही. मी बोलताना श्रीमंत देशांना खूप झोडपलं. आताही मनात येतं की सांगावं, त्यांनी केलं तेच मी केलं. पण तेही पुन्हा भाषणच होईल. देश त्यांचं बघून घेतील. धुऱ्यावर मी उभी होते.

शेवटचं राहिलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा ज्वारी पेरली. सोंगणी झाली, शेवटची बंडी खळ्यावर गेली. मी मुद्दाम धुऱ्यावर चढले, पदर खोचला आणि जोरात म्हणाले, "वावर मोकळं!" शिवारभर गेला असेल आवाज. मग रीतीप्रमाणे पाठ फिरवून निघायचं, ते मला जमलं नाही. मी थांबून बघत राहिले.

बाया आल्या. पण आत शिरल्या नाहीत. धुऱ्याच्या पलीकडे ओळीनं उभ्या राहिल्या, ओट्या न बांधता, माझ्या तोंडाकडे बघत. गिरजामावशी काठीवर टेकली होती. मी पुन्हा म्हणाले, मोकळं आहे, या. तरी कोणी हलेना. मग त्या ओळीतून, मावशीच्या शेजारून एकीनं विचारलं. चेष्टेचा सूर नव्हता. खरंच विचारत होती.

"येऊ काय जी, मॅडम?"

ती माझी माय होती.

मी हो म्हणाले. तेव्हा दोघींनी ओट्या बांधल्या आणि आत आल्या. दिवसभर एका ओळीत वाकून वेचत होत्या. मी धुऱ्यावर होते. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत, भांडल्या नाहीत, आणि कोणाची नक्कलही केली नाही.